रानडुकराचं निशाण

४ ऑक्टोबर

आज दुकानात दोघं आले. एकाला जुन्या कोटासाठी पितळी बटण हवं होतं. दुसऱ्याला माझ्या बापानं हरवलेलं निशाण विकत घ्यायचं होतं.

दुसरे म्हणजे माजी सैनिक संघाचे सेक्रेटरी. रस्त्यात समोरून आले की मान हलवावी की नाही या विचारातच पुढे निघून जाणारे गृहस्थ. त्यांचे वडील लढाईत पुलावर मेले आणि माझे परत आले, एवढं कारण त्यांना जन्मभर पुरलं. आज मात्र काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले, ट्रेमधली पदकं उगाच खालीवर केली आणि म्हणाले, "त्या मफलर दलालाकडे एक निशाण आलंय. लाल. मधे पांढरा गोल, गोलात काळं रानडुक्कर."

बटणवाल्याला मी सुटे पैसे द्यायचे विसरलो. तोही बिचारा मागायचं विसरून ऐकत उभा राहिला.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. हे निशाण बाबांच्या पलटणीचं आणि ते तिचे निशाणदार, वय एकोणीस. माघार घेताना पुलावर पलटण कापली गेली. बाबा नदी पोहून आले, निशाण आलं नाही. चौकशीत त्यांनी जे सांगितलं तेच आजवर सांगत आलेत: निशाण चाकूनं कापून काठीवरून उतरवलं, कमरेला गुंडाळलं, नदीत उडी घेतली आणि मधल्या धारेत ते सुटून वाहून गेलं. त्यांना खोटारडं कुणी म्हटलं नाही. फक्त संघाच्या कार्यक्रमाचं बोलावणं आमच्या घरी कधी आलं नाही, आणि शाळेत माझ्या शेजारची जागा जरा उशिराच भरायची.

"नदीतून कुणाच्या तरी हाती लागलं असणार," सेक्रेटरी म्हणाले. "तसं निघालं तर तुमच्या वडिलांचा शब्द खरा ठरला. मी स्वतः घरी येऊन त्यांची माफी मागेन. पण तुम्ही पारखून खरं म्हटल्याशिवाय संघ ते घेणार नाही."

निशाणं पारखणारा या भागात मी एकटाच. लोकांना वाटतं मला हौस आहे.

५ ऑक्टोबर

जेवताना घरी सांगितलं. सांगायला नको होतं. ताई म्हणाली, "आली का ती डुकराची चिंधी पुन्हा आपल्या मानगुटीवर!" ताई माझ्याहून मोठी, नवरा गेल्यापासून इथेच असते, आणि बाबांचं सगळं तीच करते, त्यामुळे तिच्या जिभेला या घरात सगळं माफ आहे.

बाबांचा हात ताटातच थांबला. मग म्हणाले, "लाल अजून लाल आहे का?"

"मी अजून पाहिलं नाही, बाबा."

"फाटलंय?"

"पाहिल्यावर सांगतो."

"मला नेशील?"

मफलरच्या दुकानाला उभा जिना आहे आणि बाबांना अंगणातून घरात यायला दोनदा थांबावं लागतं. मी हसण्यावारी नेलं. त्यांनी पुढे घास घेतला नाही. घाबरलेत. उतारवयात असं काही उकरून निघालं की कुणीही धास्तावणारच.

७ ऑक्टोबर

पाहिलं.

मफलर म्हणजे जुन्या वस्तूंचा दलाल. बाराही महिने गळ्यात मफलर, म्हणून हे नाव. खऱ्या नावानं त्याला त्याची बायकोही हाक मारत नसावी. दुकानामागच्या खोलीत त्यानं लांब टेबल मोकळं करून त्यावर पांढरी चादर अंथरली होती. मी हात धुतले, पुसले, वाळवले. हातमोजे मी घालत नाही, त्यात जुने धागे अडकतात.

आधी नाकानं बघायचं. नकली माल जुना दिसावा म्हणून चहात नाहीतर कॉफीत बुचकळतात, आणि ते कितीही वाळवलं तरी नाकाला कळतं. इथे काही नाही. बंद पेटीचा वास, थोडा धुराचा, बस्स.

मग कापड. आताचं रेशीम रुंद येतं, त्या काळच्या मागावर अरुंद निघायचं. म्हणून खऱ्या निशाणात पट्टे जोडलेले हवेत. जोडलेले आहेत. टाके हातचे, मशीनची टीप कुठेही नाही. घडी उलगडली की आतला लाल गडद, बाहेरचा फिका. नकली निशाण सगळीकडे सारखंच फिकट असतं, कारण करणाऱ्याला धीर नसतो. भोकं कसरीनं खाल्लेली, वेडीवाकडी. कानशीनं घासलेली नव्हेत. डुकराचा कशिदा उलट बाजूनंही पाहिला. पुढे जितका उन्हानं उडालाय तितका मागे उडालेला नाही. बरोबर आहे.

खिडकीवर घोंगडी लावून जांभळा दिवा पेटवला. नव्या धाग्यात आणि नव्या साबणाच्या पावडरीत जो पांढरेपणा आणणारा पदार्थ असतो, तो या दिव्याखाली निळसर चमकतो. माझ्या शर्टाची कॉलर चमकली, मफलरचा मफलर चमकला. निशाण काळंठिक्कर राहिलं.

मी स्टुलावर बसलो. मफलरनं पाणी आणून दिलं आणि "काय हो, खरंच ना?" असं तीनदा विचारलं. मी म्हणालो, नेफा अजून बघायचाय. काठी ज्यात घालतात ती बाजू आत दुमडलेली होती, आणि रेशीम इतकं कडक झालंय की घाईनं उलगडलं तर तडकेल. उद्यापर्यंत ओलसर कापडाच्या वाफेजवळ ठेवून सैल होऊ द्यायचं ठरलं.

येताना रस्त्यात मी स्वतःशी हसत होतो. समोरून येणाऱ्या बाई बाजूला झाल्या. नेफ्याच्या जागी चाकूनं घाईत कापलेली कड निघाली की झालं. मग सेक्रेटरी आमच्या घरी येणार, कोचावर बसणार, आणि बाबांच्या डोळ्यांत बघून बोलणार.

८ ऑक्टोबर

नेफा शाबूत आहे.

९ ऑक्टोबर

काल एवढंच लिहून पेन ठेवलं. आज पुढचं लिहितो.

नेफा पूर्ण आहे, वरपासून खालपर्यंत. निशाण काठीला पक्कं राहावं म्हणून ठोकलेल्या बारीक खिळ्यांची, म्हणजे चुकांची भोकं, प्रत्येकाभोवती गंजाचं तपकिरी कडं, भोकं ओढून लांबलेली. कुठल्याही चाकूनं ते कापलेलं नाही. कुणीतरी पुढे कधीतरी सावकाश चुका काढून, काठी ओढून घेतली आहे.

मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, एकोणीस वर्षांचा पोरगा, घाईत काठीच ओढून काढली असेल आणि नंतर सांगताना कापलं म्हणाला असेल. त्यानं काय बिघडतं? नदीत तर पडलं ना?

म्हणून कापसाचा बोळा पाण्यात बुडवून, पिळून, शिवणीच्या आतल्या बाजूला अगदी अलगद टेकवला. बोळा लालभडक झाला. या लालला पाण्याचा थेंब चालत नाही. आणि शेजारचा पांढरा गोल पाहावा तर कडेपर्यंत पांढरा, कुठेही गुलाबी झाक नाही. हे कापड नदीत पडलेलं नाही. पावसातसुद्धा फारसं भिजलेलं नाही.

मफलर मागे उभा राहून मालाची हकिकत सांगत होता. पलीकडच्या मुलखातल्या एका म्हाताऱ्याच्या ट्रंकेतून आलं. त्याच्या बापाला ते पुलावर मिळालं. "काठीसकट, कठड्याला टेकवून ठेवलेलं. पडू नये म्हणून बुडाशी दगडही लावला होता म्हणे. शेजारी कोणी नाही." मी त्याला गप्प बसायला सांगितलं. मालाबरोबर येणाऱ्या हकिकतीवर विश्वास ठेवायचा नसतो. मी नाही ठेवला. तरी दगड काही डोक्यातून जाईना.

११ ऑक्टोबर

पुन्हा गेलो. आज खरेपणा शोधायला गेलो नव्हतो, खोट शोधायला गेलो होतो. एक तरी मशीनचा टाका, एक तरी नवा धागा, काहीही. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो की वस्तू आवडली की आधी चार पावलं मागे सरका. मी मागे सरकून सरकून भिंतीला टेकलो.

उलट झालं. भिंगातून डुकराचं तोंड पाहत होतो आणि डोळा दिसला. डोळा निळा आहे. लहानपणी बाबा मला झोपवताना सांगायचे, कशिदा काढणाऱ्या बाईचा काळा दोरा शेवटी संपला म्हणून आमच्या डुकराचा डोळा निळा. ताईला वाटायचं ते आम्हाला हसवायला रचून सांगतात. फोटोत ते काळंच दिसतं, कुठल्या पुस्तकात ते नाही. जगात हे माहीत असलेली माणसं आता आमच्याच घरात आहेत.

खरं आहे. शंभर टक्के खरं आहे. माझ्या हातून गेलेल्या निशाणांत इतकं निर्विवाद खरं एकही नव्हतं, आणि मला ते टेबलावरून उचलून पेटवून द्यावंसं वाटलं.

१२ ऑक्टोबर

बाबांचं काही कळत नाही. ताईला ट्रंकेतून कोट काढायला लावला, जुने बूट पुसून घेतले. सकाळी मी दात घासत होतो तर पलंगाचा दांडा धरून ताठ उभे राहिलेले दिसले, हनुवटी वर, ओठ पुटपुटत. मला बघून खाली बसले. त्या वयात माणसाचं मन भरकटतं. ताई म्हणाली, "त्यांना बाहेर जायचंय तुझ्याबरोबर." मी म्हणालो, "त्यांना पळून जायचंय."

दुपारी त्यांच्याजवळ बसलो. म्हणालो, "बाबा, काळजी करू नका. तुमच्या नावाला मी धक्का लागू देणार नाही."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "तू पाहिलंस ना ते नीट?"

"पाहिलं."

"सरळ सांग. कसं आहे?"

"अजून ठरायचंय."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. म्हणजे त्यांना कळलं की मला कळलंय. माझा जीव तुटला. एवढी वर्षं हा माणूस त्या दिवसाला घाबरत जगला, आणि तो दिवस त्यांच्या दारात घेऊन येणारा मीच.

१३ ऑक्टोबर

दुकान उघडलं नाही. हिशेब सोपा आहे. खरं म्हटलं तर संघ निशाण घेणार, काचेत लावणार, आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारणार की हे कापलेलं कुठे आहे, भिजलेलं कुठे आहे? सेक्रेटरी मूर्ख नाहीत. बाबा आधी खोटारडे नुसते लोकांच्या मनात होते, मग भिंतीवर टांगलेले होतील. खोटं म्हटलं तर एक निशाण जाईल. कापडच ते शेवटी.

पण मी पारखी आहे. दुसरं मला काहीच येत नाही. लग्न केलं नाही, दुकान कधी मोठं केलं नाही. माझ्याजवळ आहे ते एवढंच, की मी खरं म्हटलं की खरं आणि खोटं म्हटलं की खोटं.

भूक मेली आहे. ताई दोनदा कपाळाला हात लावून गेली.

१४ ऑक्टोबर

संघाच्या सभागृहात बैठक. पहिल्यांदाच आत गेलो. भिंतीवर मेलेल्यांचे फोटो, आणि मधोमध रिकामी काचेची चौकट. तिच्यातली जागा त्यांनी आजवर भरली नाही.

मी म्हणालो, "नक्कल आहे. उत्तम आहे, पण नक्कल. कशिद्याचा दोरा नवा आहे, दिव्याखाली चमकतो."

वाटलं होतं कुणीतरी म्हणेल, दिवा लावून दाखवा. दिवा पिशवीत होता. कुणी म्हटलं नाही. एका म्हाताऱ्यानं नुसता चष्मा काढून पुसला. सेक्रेटरी मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "तुम्हाला ते खरं निघावं असं आमच्यापेक्षाही वाटत असणार. तरी खरं बोललात." माझा हात हातात घेतला. मी हात धुवायला कुठे नळ दिसतो का ते पाहत होतो.

मफलर खाली उभा होता. "मी तर पैज लावली असती," म्हणाला. "पण तुमचा शब्द म्हणजे शब्द." निशाण त्यानं जुन्या पडद्यासारखं काखेत मारलं.

घरी आल्या आल्या बाबांना सांगितलं. "खोटं निघालं, बाबा. सुटलो."

"खात्री आहे तुला?"

"पूर्ण."

ते "बरं" म्हणाले. मग पायातले बूट काढायला वाकले, पण त्यांना नाडी सापडेना. मीच बूट काढले. आज बूट घालून का बसले होते कोण जाणे. पण आता स्वस्थ झोपतील. माझ्या हातून वाईट झालं, पण ज्याच्यासाठी केलं तो माणूस सुटला, एवढं समाधान आहे.

२१ ऑक्टोबर

बाबा उठत नाहीत. डॉक्टर म्हणतात वय झालं, विशेष काही नाही. दूध दिलं तर घेतात, नाही दिलं तर मागत नाहीत.

२४ ऑक्टोबर

आज ताईचा बांध फुटला. स्वयंपाकघरात, हातात झारा तसाच.

"तुला डोळे आहेत की नुसतं भिंग आहे?" म्हणाली. "त्यांना ते एकदा बघायचं होतं रे! रोज पलंगाला धरून उभं राहायची सवय करत होते, त्याच्यासमोर पडू नये म्हणून. कोट कशाला काढायला लावला? बूट कशाला? तू 'चला' म्हणशील म्हणून त्या दिवशी सकाळपासून तयार होऊन बसले होते."

"पण ते खरं असतं तर..." मी म्हणालो आणि थांबलो.

"खरं असतं तर काय? तुला काय वाटलं, त्यांना माफी हवी होती? त्यांनाच मागायची होती."

"कुणाची?"

"मला काय विचारतोस? जा, त्यांना विचार."

मी नाही विचारलं. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस आहे मी, आणि आजवर बापाचा एक प्रश्न मला कळला नाही. लाल अजून लाल आहे का, असं विचारत होते. मी त्याला भीती समजलो.

निशाण विकत घ्यायचं. कितीलाही. दुकान विकून. उद्या उजाडताच मफलरकडे.

२५ ऑक्टोबर

मफलरकडे नाही.

"तुम्हीच म्हणालात नक्कल," तो म्हणाला. "नक्कल ठेवून काय करू? नाटकाचे कपडे भाड्यानं देतात ना, त्या बाईंना दिलं. जुने पडदे, दोन तलवारी आणि ते."

धावतपळत गेलो. बाजाराच्या टोकाला, शिंप्यांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर त्यांची खोली. राजांचे झगे, पोलिसांचे गणवेश, एका कोपऱ्यात परीचे पंख. बाई चांगल्या आहेत, हसतमुख. माझा चेहरा पाहून आधी बसायला खुर्ची दिली.

"ते डुकराचं ना? अहो, केवढी घाण होती त्याच्यात! काल धुऊन काढलं. पावडरीत रात्रभर भिजवलं, मग मशीनला लावलं. जागोजागी विरलं, म्हणून मागून अस्तर चिकटवलं. काठीची ती जुनी पट्टी पार गंजलेली, तीही कापून टाकली. आता कड्या लावणार."

दोरीवर वाळत होतं.

लालनं पाणी पाहताच हात सोडले होते. पांढरा गोल सगळा गुलाबी, डुकराच्या पोटाखाली रंगाचे ओघळ, कडेला फिकट डाग. नेफ्याच्या जागी कात्रीनं कापलेली वाकडी कड. "लांबून फार छान दिसतं हं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या अंकात पेटत्या वाड्यावर फडकवायचंय."

पिशवीतला दिवा काढून, खिडकी ओढून घेऊन, पेटवला. सगळं निशाण निळंशुभ्र चमकलं, पट्टे, गोल, डुक्कर, सगळं. आता जगातला कुठलाही पारखी, मी धरून, हे खोटंच म्हणेल. मी त्या दिवशी बैठकीत जे बोललो ते त्या बाईंनी एका रात्रीत खरं करून दाखवलं, आणि त्यांची काडीची चूक नाही.

दोरीखाली उभा राहून मी ते पाहत होतो आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते कापलेलं आहे आणि भिजलेलं आहे. बाबांनी सांगितलं होतं अगदी तसं. साठ वर्षांनी त्यांचा शब्द कापडावर उतरला होता. मला हसू फुटलं, आवरेना. बाईंनी पाणी दिलं.

मागतील ते देऊन घेऊन आलो. ओलसर आहे अजून. दुकानात टेबलावर पसरून ठेवलंय आणि समोर बसून हे लिहितोय. उद्या बाबांना दाखवणार. निळा डोळा तरी शाबूत आहे. तो पाहून ओळखतील. ओळखलंच पाहिजे.

२६ ऑक्टोबर

सकाळचं ऊन खिडकीतून येत असताना ताईनं बाबांना उशांना टेकून बसवलं, हट्टानं कोट चढवला. मी निशाण त्यांच्या मांडीवर पसरलं आणि म्हणालो, "बाबा, हे बघा. माझी चूक झाली होती. हे तेच आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी लिहू शकत नाही. दोन्ही हात कापडावर ठेवले. मग हात थांबले. गुलाबी गोलावरून बोट फिरवलं, ओघळावरून खाली नेलं. कापलेली कड चिमटीत धरून पाहिली. खाली वाकून डुकराचा डोळा पाहिला. मग निशाणाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघू लागले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"किती दिवस खपत होतास?"

"कशासाठी, बाबा?"

"हे करायला." त्यांनी माझा हात धरला. "निळ्या डोळ्याचं तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? कापलंससुद्धा बरोबर. पाणीही लावलंस. मी सांगितलं होतं तसं, हुबेहूब. माझ्यासाठी."

"बाबा, हे खरं आहे. शपथेवर सांगतो."

"नाही रे." आवाज अगदी शांत होता. "माझ्या निशाणाला पाणी लागलंच नव्हतं. मी ते कापलंही नाही. कठड्याला टेकवून उभं केलं. पडू नये म्हणून बुडाशी दगड लावला. आणि पळालो. नदीत उडी मारली तेव्हा माझ्या अंगावर सदराच होता फक्त."

ताई दारात उभी होती. तिच्या हातातला पेला कलंडून दूध जमिनीवर सांडत होतं, तिला कळलं नाही.

"साठ वर्षं पाठ करतोय," बाबा म्हणाले. "ते कधी समोर आलं तर काय बोलायचं ते. ताठ उभं राहून बोलायचं होतं. पण ह्याच्यापुढे काय बोलू? हे तुझं आहे. ह्याला मी सोडून नाही पळालो."

माझ्या ओठावर आलं होतं. हे तेच आहे, बाबा. पंधरा दिवसांपूर्वी ते कोरडं होतं, नेफ्यासकट होतं, मफलरच्या टेबलावर पांढऱ्या चादरीवर तुमची वाट बघत होतं. जिन्यावरून तुम्हाला पाठुंगळी घेऊन गेलो असतो तरी चाललं असतं. ते खरं आहे हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी ते खोटं म्हणालो, तुम्हाला वाचवायला. मग ते धुतलं गेलं.

एवढं बोलायला फार तर मिनिट लागलं असतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाला वाटत होतं की कुणीतरी त्याच्यासाठी काहीतरी केलंय.

"हो," मी म्हणालो. "मीच केलं."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. खोटी वस्तू घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मी थोपटतो तसं. मग निशाणाची टोकाला टोक जुळवून घडी घालायला लागले. घडी चोख आली. ती माझ्याकडे देत म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पण हे खरं म्हणून कुणाला विकू नकोस हं. फसवू नये."

"नाही विकणार."

"आणि खरं कुठे आलं," ते म्हणाले, "तर या वेळी मला नेशील ना?"

"नेईन," मी म्हणालो.